पलीकडली

"मेल्या, पाय मोडांदे तुझो!"

सकाळी दारावरून जाणाऱ्या माणसाला ती हे म्हणायची. पोस्टमनला म्हणायची, टोपलीभोवती घुटमळणाऱ्या मांजराला म्हणायची, मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही एकदा म्हणाली. पुढारी हात जोडून हसला. तो इथलाच होता, त्याला भाषा ठाऊक होती. बाहेरच्या माणसाला ही शिवी वाटते. आमच्याकडे 'बरा आहेस ना' याच्या जागी ती चालते. उलट तिने दोन-चार दिवस शिवी घातली नाही, तर माणूस घरी जाऊन विचार करायचा, आपलं काय चुकलं म्हणून.

मला थोडी सूट होती, कारण मी तिचा भावजी. "भावजी, तुमचा बरा नाय होवचा. पायरेर बांगडे ठेवलंय, मांजरान खावच्या आधी उचला." असं.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. मी चौथी शिकलेला माणूस. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. लिहिणं हे माझं काम नाही. पण हल्ली घरात एकटा असतो, भिंतीशी किती बोलणार? म्हणून लिहितो. चुकलं तर चुकलं.

तिचं नाव लिहीत नाही. वाडीत कोणी तिला नावाने हाक मारलीच नाही. खाडीच्या पलीकडच्या गावातून लग्न होऊन आली, म्हणून ती पलीकडली. केस पिकले तरी पलीकडलीच. माझी बायकोही त्याच गावची, पण ती नंतर आली. तोवर हे नाव घेतलेलं होतं, त्यामुळे बायकोला तिच्या स्वतःच्या नावावर राहावं लागलं.

आमची घरं शेजारी. मध्ये चिऱ्याचा गडगा, कमरेएवढा. त्या गडग्यावरून दोघींचं सगळं चालायचं. कालवण इकडून तिकडे, सोलं तिकडून इकडे, आणि बोलणं दिवसभर. पलीकडली बायकोला "गो बायो" म्हणायची, बायको तिला "आक्का". रक्ताचं नातं काही नव्हतं. एका विहिरीचं पाणी प्यायलेल्या, एवढंच.

अंगाने बुटकी, आवाजाने माडाएवढी. बाजारात मासे विकायची. ओट्यावर ती बसली आहे की नाही, हे बघायला बाजारात जावं लागत नसे, रस्त्यावरूनच कळायचं. नवरा पूर्वी मोठ्या होडीवर तांडेल होता. नंतर दारूवर गेला आणि घरी बसला. घर तिच्या टोपलीवर चाललं. मुलगा एकच, दिगंबर. आम्ही दिग्या म्हणतो.

आता फुटबॉलचं सांगतो, कारण तिची खरी गोष्ट तिथे आहे.

आमच्याकडे क्रिकेट आहेच, ते कुठे नाही? पण खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या दोन गावांत फुटबॉल आहे. गोव्याला बोटीवर कामाला गेलेल्या जुन्या लोकांनी तो आणला असं म्हणतात. शिमग्याच्या दिवसांत पुनवेच्या सुमाराला मोठी ओहोटी येते, आणि खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्याला आम्ही पुळण म्हणतो. ती ना त्यांची, ना आमची. दुपार कलली की दोन्हीकडून होड्या तिथे लागतात. बांबूचे गोल, त्यांना जुनं जाळं, आणि राखेच्या रेघा. मॅच किती वेळ चालणार हे पंच ठरवत नाही, पाणी ठरवतं. भरती चढून बांबूला लागली की मॅच संपली.

कोणाच्या बाजूने ओरडायचं हे आमच्याकडे कोणी निवडत नाही. ज्या काठावर जन्मलास त्या काठाची टीम. वर्ल्ड कपलाही तेच. आमच्या काठाने अर्जेंटिना घेतली, म्हणून त्यांनी ब्राझील घेतली. आमच्या माडांवर निळे-पांढरे झेंडे, त्यांच्या माडांवर पिवळे. हे दोन देश नकाशावर दाखव म्हटलं तर दोन्ही काठांवर एकही माणूस दाखवणार नाही. मीही नाही.

हे झालं पुरुषांचं. बायकांचं वेगळं, आणि ते तुम्ही दुसरीकडे कुठे बघितलं नसेल. दोन गावांत सोयरिकी पुष्कळ. त्यांच्या मुली आमच्याकडे, आमच्या त्यांच्याकडे. मॅचच्या दिवशी बाई नवऱ्याच्या होडीतून येते, पुळणीवर उतरते, साडी जरा वर धरते आणि सरळ मैदान ओलांडून समोरच्या बाजूला जाऊन बसते. माहेरच्या बाजूला. तिथून नवऱ्याच्या टीमच्या नावाने बोंब मारते. पाणी चढलं की उठते, मैदान ओलांडून परत येते आणि त्याच होडीत बसून घरी जाऊन नवऱ्याला भात वाढते. कोणाला यात काही वाटत नाही. मी संसारभर बायकोला होडीतून घेऊन गेलो आणि मॅच तिच्या विरुद्ध बघितली.

गंमत मैदानाच्या मध्यावर व्हायची. इकडच्या बायका तिकडे चालल्या आहेत, तिकडच्या इकडे. मध्यावर गाठ पडली की थांबल्याच.

"गो, सुनेचा काय झाला?"

"झील झालो. आवशीवर गेलो."

"आवशीवर गेलो तर बरोच आसतलो."

नातू झाला, आईवर गेला, हे सगळं सांगून-ऐकून होईपर्यंत पंच शिट्टी फुंकून लाल. "बायांनो, मैदान सोडा! पाणी थांबाचा नाय!"

यावर पलीकडली कंबरेवर हात ठेवून वळायची. "मेल्या, शिटी तुझ्या तोंडात आसा म्हणान मैदान तुझ्या बापाशीचा जाता काय?" मग निवांत चालत जायची. तिच्या मागून माझी बायको, काखेत गोणपाट आणि हातात छत्री. दोघी नेहमी एकाच जागी बसायच्या, गोलापासून थोडं अलीकडे. बायकोचे भाऊ मुंबईला गेले होते, माहेरचं घर बंद होतं. त्या बाजूला तिचं हक्काचं माणूस म्हणजे पलीकडलीच.

एका वर्षी आमच्या पोरांनी कमिटी केली. कमिटी झाली की नियम होतातच. त्यातला एक जण, बायकांनी आता सासरच्या बाजूला बसायचं हे सांगायला, पलीकडलीच्या दारात आला.

"काकी, औंदा नियम आसा. जेची चूल जंय, तेणी थंय बसूचा."

"मासो मालवणच्या बाजारात इकलो म्हणान मालवणचो जाता काय रे?"

"तसा नाय..."

"तो दर्याचोच. आणि तुझी आवस खंयची?"

पोरगा चप्पल शोधायला लागला.

"सांग मरे, खंयची?"

"पलीकडची."

"मगे तिका आधी हलय. ती हलली काय मी हलतंय."

नियम तिथेच बुडाला.

तारकर्लीहून हल्ली पर्यटकही बोटीने मॅच बघायला येतात. एकाने तिला विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या टीमच्या?"

"पलीकडच्या."

"पलीकडच्या म्हणजे कुठल्या?"

"तू खंय उभो आसस तेच्यार आसा," ती म्हणाली. तो माणूस बराच वेळ दोन्ही काठांकडे बघत राहिला.

दिग्या मोठा झाला आणि आमच्या टीममधून खेळायला लागला. तो आमच्या काठावर जन्मलेला, तेव्हा दुसरं काही होणारच नव्हतं. पायात चांगली धाव होती. वाळूवर धावणं सोपं नाही, पाय रुततो. हा रुतायच्या आधी उचलायचा.

आता बघा मजा. मॅचच्या आदल्या दिवसापासून ही मुलाच्या पायांना खोबरेल चोळणार. मॅचच्या दिवशी त्याला पेज आणि सुरमई घालणार, नवऱ्याच्या ताटात मात्र बांगडा टाकणार. पुळणीवर उतरताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार. मग मैदान ओलांडून पलीकडे बसणार आणि त्याच्या पायात बॉल आला की उठून उभी राहणार.

"दिग्या, मेल्या, वशाड येवंदे तुका! पाय मोडांदे तुझो! सोड तो बॉल!"

अख्खी पुळण हसायची. दोन्ही बाजूंचे लोक दिग्याच्या पायात बॉल जायची वाट बघायचे, अर्धे गोलासाठी आणि अर्धे तिच्यासाठी. दिग्याही कमी नव्हता. गोल झाला की धावत तिच्यासमोर जायचा आणि नमस्कार करायचा. ती हातातली चप्पल उगारायची. बाजूला माझी बायको तोंडाला पदर लावून हसत असायची. समोरून मला एवढंच दिसायचं, पदर आणि हलणारे खांदे.

हे काही वर्षं चाललं. मग ती मॅच आली.

गोल कोणाचाच झाला नव्हता. पाणी चढत होतं, बांबूच्या जवळ आलं होतं. दिग्याला मध्यावर बॉल मिळाला आणि तो सुटला. पुढे त्यांचा एकच माणूस, उंच, आम्ही त्याला लांबो म्हणायचो. पलीकडली उभी राहिली आणि तिने नेहमीसारखी हाक घातली, "पाय मोडांदे तुझो!"

शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच लांब्याने आडवा पाय घातला. दोघे पडले. लांबा उठला. दिग्या नाही उठला. मी समोरच्या बाजूला होतो, मला आवाज आला. सुकं लाकूड ढोपरावर मोडावं तसा.

सगळ्यांच्या आधी ती पोचली. तिला धावताना मी तेव्हाच पाहिलं. पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पाणी त्यांच्यापर्यंत आलं तरी उठेना. पोरांनी गोलाचे बांबू उपटले, जाळं बांधून झोळी केली आणि दिग्याला होडीत घातलं. मी इंजिन चालवत होतो. एरवी त्या बाईचं तोंड झोपेतच मिटायचं, पण ती धक्क्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. लांबाही त्याच होडीत आला होता. कोपऱ्यात बसून रडत होता. त्याला सगळे काय वाटेल ते बोलले. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या मनात पाय लांब्याने मोडलाच नव्हता.

दिग्याच्या पायात सळी घातली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाला, तरुण आहे, चालेल, धावेल. पण पलीकडलीचं तोंड बंद झालं. म्हणजे बोलायची, पण शिवी गेली. देवळात जाऊन तिने गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि कबूल करून आली की यापुढे कोणालाही वावगं बोलणार नाही.

तुम्हाला वाटेल, बरं झालं. पण आमची पंचाईत झाली. पोस्टमन मला विचारायला लागला, "काकी रागावली आसत काय माझ्यार?" बाजारात तर धंदाच बसायची वेळ आली. ओट्यावरून ती म्हणायला लागली, "ये गो बाय, बघ, ताजो आसा." गिऱ्हाईक बायका एकमेकींकडे बघायच्या.

"ही कित्याक इतक्या गोड बोलता?"

"मासो कालचो आसतलो."

आणि दुसऱ्या ओट्यावर जायच्या.

दिग्याने पुष्कळ समजावलं. खाटेवर पडून तो म्हणायचा, आम्ही गडग्यापलीकडून ऐकायचो. "आये, लांब्यान पाय घातल्यान म्हणान मोडलो. तुझ्या जिभेत इतको जोर आसतो तर बाबाची दारू कधीच सुटली आसती."

त्यावर बाप आतून हसायचा. ती हसायची नाही. म्हणायची, "त्या येळेक देवान आयकूक नसात. ह्या येळेक आयकल्यान." मी इंजिनवाला माणूस. इंजिन बंद पडलं तर कारण सापडतं, प्लग तरी किंवा तेल तरी. हिच्या बाबतीत कारण तिने ठरवून टाकलं होतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती.

पुढच्या शिमग्याला दिग्या परत खेळायला उभा राहिला. थोडा लंगडत, पण उभा राहिला. आदल्या संध्याकाळी बायको गडग्याशी गेली. मी ओसरीवर इंजिनाचा पंखा घासत बसलो होतो.

"आक्का, उद्या पुळणीर येतंस मा?"

"नाय गो बायो."

"दिग्या खेळता."

"म्हणानच नाय."

"तोंडात सुपारी धरून बस."

"सुपारी धरलंय तरी मनात येतला मा? मनात इला म्हणजे झाला."

"तू नाय इलंस तर झील म्हणतलो, आवस रागान आसा."

"म्हणांदे. पाय तरी रवतलो."

बायकोने गडग्यावर कोपर टेकलं. मग म्हणाली, "आणि मी थंय कोणाबरोबर बसू?"

पलीकडली ताटात निवडायला घेतलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, तशीच उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बायको माझ्याबरोबर होडीतून आली, मैदान ओलांडून गेली आणि नेहमीच्या जागी गोणपाट घालून बसली. अर्ध्या गोणपाटावर. तिच्या बाजूच्या बाकीच्या बायका आपापल्या भावजयांत होत्या. मी माझ्या बाजूने बघत होतो. दिग्याने त्या दिवशी गोल घातला. सवयीने तिकडे धावत गेला आणि अर्ध्यात थांबला. मग माझ्या बायकोलाच नमस्कार करून परत फिरला. ती काय बोलली मला कळलं नाही, लांब होतो.

त्याच्या पुढच्या शिमग्यालाही तसंच. बायको गडग्याशी गेली, विचारलं, नाही म्हणून घेतलं, आणि एकटी जाऊन बसली. परतताना होडीत मी म्हटलं, "सोड तो नाद. आपल्या बाजूक येवन बस. कोण काय म्हणाचा नाय."

"मी कित्याक तुमच्या बाजूक बसू?" ती म्हणाली. "ती इली तर जागो नको तिका?"

त्या पावसात बायको आजारी पडली आणि चतुर्थीच्या आधी गेली. आजार पोटाचा होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही.

तिला अंगणात ठेवलं होतं. मुंबईहून तिच्या भावजया आल्या होत्या, डोळे पुसत हळू आवाजात बोलत होत्या. पाऊस थांबून थांबून पडत होता. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. पलीकडली गडग्याकडून आली, पायाशी उभी राहिली. मग तिने तोंड उघडलं.

"मेल्ये! वशाड येवंदे तुका! माका इचारलंस? माका सांगलंस? दोन शिमगे बोलयत होतंस, मी येवक नाय, म्हणान असो सूड घेतलंस? ऊठ! ऊठ मगे! तोंड दाखव तुझा!"

वाडी ओलांडून आवाज गेला. माडावरचे कावळे उडाले. मुंबईची भावजय माझ्याजवळ आली, "अहो, त्यांना बाजूला घ्या. हे काय बोलतायत त्या?"

"घालूदे शिव्ये," मी म्हटलं. "तिचो अधिकार आसा."

ती थांबली नाही. तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या घातल्या, आवाज बसेपर्यंत. सकाळपासून माझ्याशी लोक काय काय बोलले होते, देवाची इच्छा, सुटली बिचारी, असलं. त्यातलं काही माझ्या आत गेलं नव्हतं. ही शिवी गेली. मी तिथे पहिल्यांदा खाली बसलो.

देवळात दिलेला शब्द मोडला, त्याचं पुढे काय, हे मी तिला विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शिवी परत बंद. मला वाटलं, ते त्या दिवसापुरतं होतं.

शिमगा आला. मी मॅचला जाणार नव्हतो. होडी वर ओढलेली होती. दुपारी दिग्या आणि त्याची टीम पुढे गेली. मी ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात गडग्याकडून आवाज आला.

"भावजी, होडी काढा."

बघतो तर नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि काखेत आमच्या घरातलं गोणपाट. ते तिने केव्हा नेलं होतं मला माहीत नव्हतं. मी होडी काढली.

पुळणीवर पोचलो तेव्हा मॅच सुरू व्हायची होती. ती उतरली. बायका मैदानातून जात होत्या, त्यांच्यात मिसळली नाही. सगळ्या गेल्यावर एकटीच निघाली. मध्यावर पंच उभा होता, त्याने शिट्टी तोंडातून काढून हातात धरली. ती त्या जागी गेली, गोणपाट पसरलं, आणि अर्ध्यावर बसली. दिग्याने बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

बराच वेळ त्याच्याकडे बॉल आला नाही. मला वाटतं, त्याच्या टीमची पोरंच देत नव्हती. शेवटी एक बॉल उसळून त्याच्या पायाशी पडला. तो सुटला, समोर परत तोच लांबा. आणि मला सांगा, एवढी माणसं, दोन गावांची, पण कोणी दिग्याकडे बघत नव्हतं. सगळ्या माना तिच्याकडे.

ती उठली. "दिग्या, मेल्या..." इथवर आली आणि अडकली. हात वर, तोंड उघडं. दिग्याही धावता धावता हळू झाला. लांबा तर जागीच उभा राहिला, हात मागे बांधून, जणू त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही.

"मेल्या... बॉल फुटांदे तुझो!"

आधी लांबा हसला. मग पुळण फुटली. पंच खाली बसला. दिग्याला हसण्याने बॉल मारवेना, त्याने मारला तो गोलाच्या बाहेर, थेट खाडीत. पर्यटकांच्या बोटीतल्या कोणी तरी तो काढून दिला. त्या मॅचमध्ये मग तिने काय काय फोडायला सांगितलं त्याचा हिशेब नाही. बॉल, शिट्टी, गोलाचा बांबू, आमच्या गोलीची चड्डी. माणसाचा अवयव एकही नाही. देवाशी तिने तेवढी तडजोड केली असावी.

मॅच पलीकडच्यांनी मारली, शेवटच्या घटकेला, बांबूला पाणी लागता लागता. आमची पोरं तोंडं पाडून होड्या ओढायला लागली.

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. त्या शिमग्यानंतरच्या पावसात तिला ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. दिग्या आता मासळीचा टेम्पो चालवतो. बाजारातल्या ओट्यावर दुसरी बाई बसते, चांगली आहे, गोड बोलते. यंदा मी मॅचला गेलो नाही. पोरं येऊन सांगून गेली, बरोबरी झाली म्हणून.

पण मला तिच्या त्या शेवटच्या मॅचचं परतणं लिहायचं आहे. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. बायका मैदान ओलांडून आपापल्या नवऱ्यांच्या होड्यांकडे चालल्या होत्या. ती सगळ्यांत शेवटी उठली. गोणपाट झटकलं, पाण्यातून चालत आली आणि माझ्या होडीत चढली. दिग्या टीमच्या होडीतून गेला होता. होडीत मी आणि ती, दोघंच. मी काठी मारून होडी खोल पाण्यात घेतली. ती माझ्याकडे पाठ करून, पलीकडच्या काठाकडे बघत बसली होती. तिथे फटाके वाजत होते.

"भावजी," ती म्हणाली, "आज आमी जिंकलो."

त्या होडीत पलीकडचं दुसरं कोणी नव्हतं. मी हरलेल्या बाजूचा माणूस.

"तुमी जिंकलास," मी म्हटलं, आणि इंजिनाची दोरी ओढली.